मायच्या छातीतली धडधड कागदावर येतच नाही, काय करावं?

पऱ्हाटी | ३ सप्टेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. पांढरकवड्यापासून १८ किलोमीटरवर आमचं गाव. पाच एकर कोरडवाहू वावर आहे, कापूस आणि तूर. विचारायचं आहे ते माझ्या मायबद्दल. वय ५२.

गेल्या वर्षीच्या निंदणापासून तिच्या छातीत मधूनच धडधड सुरू होते. ती म्हणते, "पोत्यात कोंबडी कोंबल्यावानी फडफडते." कधी पंधरा मिनिटं, कधी दीड तास. घाम फुटतो, हातपाय गार पडतात, दम भरून येतो. मग आपोआप थांबतं आणि पुढचे दोन तास ती गळून पडलेली असते. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. गाडी शोधून तालुक्याला पोचेपर्यंत सगळं थांबलेलं असतं. आतापर्यंत चार ईसीजी काढले, चारही नॉर्मल. एकानं गॅसची गोळी दिली. दुसऱ्यानं सांगितलं, या वयात बायांना असं होतं, टेन्शन घेऊ नका. एका खासगी दवाखान्यात तपासणी पुरती व्हायच्या आधीच अँजिओग्राफी करा म्हणाले आणि पैसे भरायला दोन दिवसांची मुदत दिली. शेवटी एका फिजिशियननी २४ तासांचा होल्टर लावला, म्हणजे अंगावर बांधून ठोक्यांची सलग नोंद ठेवणारं यंत्र. त्या २४ तासांत माय ठणठणीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आता ती सांगतच नाही. म्हणते, "मी खोटं बोलून राहिली काय? मशीनले दिसत नाही त मले तरी काऊन होते?" परवा गोठ्यात भिंत धरून उभी दिसली म्हणून कळलं.

हे कोणाकडे न्यावं, कुठे न्यावं, आणि मधल्या काळात मी काय करावं? कोणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

रात्रपाळी | ३ सप्टेंबर, रात्री ११:२५

दादा, मी एमडी मेडिसिन आहे, विदर्भातल्याच एका जिल्ह्यात काम करतो. पडद्याआडून निदान करणार नाही, पण काही गोष्टी नक्की सांगू शकतो.

माय खोटं बोलत नाही, हे तिला आज रात्रीच सांगा. साधा ईसीजी म्हणजे हृदयाच्या जेमतेम दहा सेकंदांची नोंद. पाऊस उघडल्यावर पर्जन्यमापक ठेवला तर त्यात काय सापडणार? चार नॉर्मल ईसीजींचा अर्थ एवढाच की त्या चार वेळी ठोके बरोबर होते. होल्टरचंही तेच. महिन्यातून एकदा येणारा त्रास नेमका त्याच २४ तासांत यावा, हा योगायोगच लागतो. (हे यंत्र ज्यांच्या नावानं ओळखलं जातं ते नॉर्मन होल्टर अमेरिकेतले. १९४० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी बनवलेलं पहिलं यंत्र पाठीवर बांधायचं होतं आणि त्याचं वजन ३८ किलोच्या घरात होतं. आता ते काडेपेटीएवढं झालंय, तरी अडचण तीच.)

धडधड होत असताना नाडी मोजायला शिका. मनगटावर अंगठ्याखाली तीन बोटं ठेवायची आणि पूर्ण ६० सेकंद मोजायचं, १५ सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही. आकड्याइतकंच महत्त्व लयीला आहे. घड्याळासारखी पण फार वेगात चालते, की मधूनच एखादा ठोका चुकतो, की कशाचा कशाला मेळच नाही? या तीन गोष्टी वेगवेगळ्या आजारांकडे बोट दाखवतात. वहीत लिहा: तारीख, सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, तेव्हा काय करत होती, नाडी किती आणि कशी.

आता माझे प्रश्न. धडधड एकदम सुरू होऊन एकदम थांबते की हळूहळू वाढते? कधी शुद्ध हरपली का? हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासलं आहे का? आपल्या भागात बायांचं रक्त इतकं कमी असतं की नुसत्या त्यानंही धडधड होते, आणि थायरॉइड वाढलं तर ठोके बिघडतात. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली का? लहानपणी तिचे सांधे सुजले होते का? बाळंतपणात दम लागायचा का? शेवटचे दोन प्रश्न मायलाच विचारा, अंदाजानं उत्तर देऊ नका.

धडधडीसोबत चक्कर येऊन पडली, छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, बोबडी वळली किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर वही-बिही सोडा आणि १०८ लावा.

मोहफूल | ४ सप्टेंबर, सकाळी ७:०५

भाऊ, मी चामोर्शीकडची. माझीही हीच गत होती, सहा वर्षं. फरक एवढा की माझी नाडी धडधडीत अगदी नियमित चालायची, मिनिटाला १८० च्या वर. बटन दाबल्यासारखी सुरू, बटन दाबल्यासारखी बंद. घरच्यांनी मांत्रिकसुद्धा करून पाहिला. शेवटी एकदा चालू धडधडीत ईसीजी निघाला. एसव्हीटी म्हणाले. म्हणजे हृदयात विजेची एक जादा वाट जन्मापासून होती आणि करंट तिथे गोल गोल फिरत बसायचा. शिरेतून एक इंजेक्शन झपकन दिलं, क्षणभर आता मेलेच असं वाटलं, आणि सगळं शांत.

त्या दिवशी कळलं की हृदयाच्या डॉक्टरांतही आणखी वेगळे डॉक्टर असतात, ठोक्यांच्या विजेचे. इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट म्हणतात. ते मांडीच्या शिरेतून तार घालून ती जादा वाट जाळतात. माझं नागपूरला झालं, तिसऱ्या दिवशी घरी आले. चार वर्षं झाली, एकदाही नाही. तुमच्या मायचं असंच असेल असं नाही, पण जोवर चालू धडधडीतला कागद नव्हता तोवर मला कोणीच पुढे पाठवलं नाही. तो एक कागद मिळवा.

गावची_आशा | ४ सप्टेंबर, दुपारी २:३०

दादा, मी आशा वर्कर आहे, तुमच्याच जिल्ह्यातली. कागद मिळवायची युक्ती सांगते, आमच्या गावात दोघांसाठी केली. माय बरी असताना एक दिवस ग्रामीण रुग्णालयात जा. मेडिकल ऑफिसरला भेटा, वही दाखवा, आणि केसपेपरवर लिहून मागा की पेशंट धडधडीत आला तर आधी ईसीजी काढावा. ड्युटीवरच्या सिस्टरला तो कागद दाखवून ठेवा. नाहीतर काय होते, धावत जाता आन् खिडकीसमोर चिठ्ठी काढाले अर्धा तास उभे राहता. तेवढ्यात धडधड थांबून जाते.

गाडीही आधीच ठरवून ठेवा. मोटारसायकलवर मागे बसवून आणू नका, चक्कर आली तर पडेल. ऑटोवाल्याचा नंबर भिंतीवर लिहा.

आन् एक इचारते, राग नका मानू. माय तंबाखू खाते काय? खर्रा? तंबाखू-सुपारीनं नाडी वाढते. डॉक्टरसमोर बाया लाजून सांगत नाहीत.

तुरीचा_तुरा | ४ सप्टेंबर, सायंकाळी ६:१०

अर्जुनाच्या सालीचा काढा दुधात उकळून द्या. हृदयाला उत्तम. आमच्याकडे तीन पिढ्या चालतो. या गोळ्या एकदा सुरू झाल्या की सुटत नाहीत.

पऱ्हाटी | ५ सप्टेंबर, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, तुमचे प्रश्न काल रात्री जेवणं झाल्यावर मायला विचारले.

शुद्ध कधी हरपली नाही. हिमोग्लोबिन ९.२ आहे, थायरॉइड तपासलेलं नाही. इको झालेला नाही, होल्टरच्या वेळी "नंतर बघू" म्हणाले होते. आशाताई, तुमचा अंदाज खरा निघाला. खर्रा खाते, दिवसातून तीनदा. मला हे माहीत नव्हतं.

सांध्यांचं विचारलं तर बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दहा-अकरा वर्षांची असन मी. आधी गळा आला, मंग गुडघे सुजले. एक उतरला का दुसरा सुजे. बापानं खांद्यावर बसवून वैद्याकडं नेलं. वात हाय म्हणे." शाळा तेव्हाच सुटली तिची. आणि बाळंतपण: माझ्या वेळी सातव्या महिन्यापासून तिला आडवं झोपता येत नव्हतं, रात्रभर भिंतीला टेकून बसायची. आजी म्हणायची, पोरगा अंगानं मोठा आहे म्हणून. मी ३१ वर्षांचा आहे. हे मला काल कळलं.

रात्रपाळी | ५ सप्टेंबर, रात्री ११:५०

दादा, आता इको थांबवू नका. या आठवड्यात करा.

कारण सांगतो. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना घशाचा एक विशिष्ट जिवाणूसंसर्ग होतो, स्ट्रेप्टोकोकसचा. काही मुलांमध्ये त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी शरीर आपल्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटतं. सांधे सुजतात, एकाची सूज उतरली की दुसऱ्याची. याला संधिवाताचा ताप म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात. सांधे पूर्ण बरे होतात, झडप मात्र वर्षानुवर्षं हळूहळू आकसत जाते. बहुतेकदा माइट्रल झडप, डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली. गरोदरपणात शरीरातलं रक्त वाढतं, तेव्हा त्या अरुंद दारातून ते पुढे सरकत नाही आणि फुफ्फुसात तुंबतं. बसून काढलेल्या रात्री त्या असू शकतात. पुढे वरचा कप्पा ताणून मोठा होतो आणि त्याची लय मोडते, तो नुसता थरथरत राहतो. ते एट्रियल फिब्रिलेशन. यात नाडीला कसलाच मेळ नसतो. "पोत्यातली कोंबडी" ही उपमा मी आता माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे.

हे सगळं माझं अनुमान आहे, इको चुकीचंही ठरवेल. स्टेथोस्कोपनं या झडपेचा आवाज ऐकू येतो, पण तो फार हलका असतो. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून शांत खोलीत ऐकावा लागतो. गजबजलेल्या ओपीडीत तो निसटतो, माझ्याकडूनही निसटला आहे.

घाई यासाठी, की थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळतं आणि गाठ सुटून मेंदूत गेली तर लकवा होतो. नुसत्या फिब्रिलेशननं लकव्याचा धोका साधारण पाचपट होतो, सोबत माइट्रल झडप अरुंद असेल तर त्याहून कितीतरी जास्त.

तुरीचा_तुरा, तुमची कळकळ समजते. पण झडप आकसली असेल तर ती कुठल्याही काढ्यानं उघडत नाही. आणि पुढे रक्त पातळ करायची गोळी लागली तर काढे, जडीबुटी, दुखण्याच्या गोळ्या यांनी तिचं प्रमाण बिघडू शकतं. जे काही घेतलं जातं ते डॉक्टरला सांगायचंच.

वर्धेकर | ६ सप्टेंबर, सकाळी ८:२०

पऱ्हाटी, रस्त्याचं मी सांगतो. तुमच्याकडून यवतमाळचं शासकीय मेडिकल कॉलेज सर्वांत जवळ, साधा इको तिथे विचारा. नागपूरच्या रस्त्यावर हिंगणघाटहून आत वळलात तर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघे, दोन्ही मेडिकल कॉलेजांची रुग्णालयं आहेत. झडपेचं काम निघालं, किंवा मांडीतून तार घालून फुग्यानं झडप उघडायचं (बलूनचं), तर नागपूर. तिथल्या शासकीय मेडिकल कॉलेजचं सुपर स्पेशालिटी रुग्णालय आहे, मिहानला एम्स आहे. ओपीडीला सकाळी लवकर पोचायचं, म्हणजे आदल्या रात्रीच निघा.

योजनेबद्दल: महात्मा फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपले अमरावती आणि गडचिरोली होते. आता वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण लक्षात ठेवा, ती भरती होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. ओपीडीतला इको, होल्टर, महिन्याच्या गोळ्या तिच्यात धरून चालू नका. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. पैसे भरायच्या आधी तिथे जायचं, नंतर नाही. रेशनकार्डावरचं मायचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे का, ते आजच पाहा. माझ्या सासूबाईंच्या एका वेलांटीपायी आमचे चार दिवस गेले.

आर्वीचे_आजोबा | ६ सप्टेंबर, सकाळी ११:००

एक लहान पण महत्त्वाची गोष्ट. ईसीजीचा कागद उष्णतेनं छापणारा असतो. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत ठेवला तर वर्षात पुसट होतो. निघाल्याबरोबर झेरॉक्स काढा, मोबाईलवर फोटोही काढा. आणि लॅमिनेशन अजिबात करू नका. माझ्या पत्नीचा एकमेव कामाचा ईसीजी मी जपून ठेवावा म्हणून लॅमिनेट करायला दिला. मशीनच्या उष्णतेनं तो पुरता काळा होऊन बाहेर आला. त्या कागदाची गरज पुढे फार पडली.

पऱ्हाटी | १९ सप्टेंबर, रात्री ९:००

इको झाला. माइट्रल झडपेचं तोंड १.१ चौरस सेंटिमीटर. डॉक्टर म्हणाले, नॉर्मल चार ते सहा असतं, दीडच्या खाली गेलं की गंभीर धरतात. वरचा कप्पा वाढलेला आहे. थायरॉइड नॉर्मल. ठोके मंद ठेवायची गोळी आणि लोहाची गोळी सुरू केली, नागपूरला जायला सांगितलं आहे. त्यांनी स्वतः मायला डाव्या कुशीवर वळवून पुन्हा ऐकलं आणि मलाही नळी लावून ऐकवलं. मला फक्त दूरच्या बैलगाडीसारखी हलकी गुरगुर आली. एवढ्याशा आवाजासाठी एक वर्ष गेलं.

खर्रा सोडायचं मायनं स्वतःहून कबूल केलं. चार दिवस झाले.

पैनगंगा | २० सप्टेंबर, दुपारी १:१५

माझ्या काकांना एट्रियल फिब्रिलेशन आहे. ते रक्त पातळ करायची अपिक्साबॅन ही नवी गोळी घेतात, तिला वरचेवर रक्ततपासणी लागत नाही. खेड्यातल्या माणसाला तेच सोयीचं. डॉक्टरांना तेच मागा.

रात्रपाळी | २० सप्टेंबर, रात्री ११:१०

पैनगंगाताई, काकांसाठी ते योग्य असेल, पण मायसाठी नाही. माइट्रल झडप मध्यम किंवा गंभीर अरुंद असेल, किंवा धातूची झडप बसवलेली असेल, तर या नव्या गोळ्या चालत नाहीत. ऱ्हुमॅटिक झडपेच्या साडेचार हजारांवर रुग्णांचा इन्व्हिक्टस नावाचा अभ्यास २०२२ मध्ये आला. त्यात रिव्हॅरोक्साबॅन या नव्या गोळीच्या तुलनेत जुन्या गोळ्यांवर मृत्यू कमी झाले. म्हणजे वॉरफेरिन किंवा असिट्रॉम, आणि सोबत आयएनआरची तपासणी, म्हणजे रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आकडा. तो २ ते ३ मध्ये हवा. कमी झाला तर गाठीची भीती, फार वाढला तर रक्तस्रावाची. मेथी-पालक बंद करायचे नसतात. रोज साधारण तेवढ्याच प्रमाणात खायचे, म्हणजे गोळीचा हिशोब बिघडत नाही.

पऱ्हाटी | ९ नोव्हेंबर, रात्री ११:३०

आज कागद मिळाला.

नागपूरची तारीख १८ ची होती. आज सकाळी साडेदहाला वेचणी चालू असताना मायनं कमरेची ओटी सोडली आणि खाली बसली. या वेळी लपवलं नाही. माझ्या नववीतल्या पुतणीनं नाडी धरली, एक मिनिट मोजली आणि म्हणाली, "काका, याले ठेकाच नाही." ऑटोवाला वीस मिनिटांत आला. ग्रामीण रुग्णालयात सिस्टरनं केसपेपरवरचं वाक्य वाचलं आणि मायला थेट आत नेलं, चिठ्ठी मी मागून काढली. एट्रियल फिब्रिलेशन, मिनिटाला १४८. मेडिकल ऑफिसरनी कागदाच्या कोपऱ्यावर वेळ लिहिली, ११:२४. शिरेतून औषध दिलं, ठोके शंभराच्या आत आले. नागपूरला फोन लावून विचारलं आणि रक्त पातळ करायचं औषध तिथेच सुरू केलं. १०८ नं संध्याकाळी आम्ही नागपूरला पोचलो, आता सुपरच्या आवारातून लिहितो आहे.

मायला तो कागद दाखवला. तिला वाचता येत नाही. तिनं रेषांवरून बोट फिरवलं, जिथे दोन टोकांमधलं अंतर कमी-जास्त आहे तिथे थांबली, आणि म्हणाली, "हेच त सांगत होती मी."

झेरॉक्स तीन काढल्या आजोबा, लॅमिनेट नाही.

मोहफूल | १० नोव्हेंबर, सकाळी ६:३०

भाऊ, वाचून रडले. मायला माझा नमस्कार सांगा.

पऱ्हाटी | २४ जानेवारी, रात्री ८:४५

उशीर झाला, माफ करा. तुरीची सोंगणी होती.

नोव्हेंबरात तोंडातून नळी घालून इको केला, कप्प्यात गाठ आहे का पाहायला. एक लहानशी होती. म्हणून बलून लगेच करता आला नाही, दोन महिने असिट्रॉम घ्यायला सांगितली. दर आठवड्याला, मग पंधरवड्याला आयएनआर. पांढरकवड्याच्या लॅबमध्ये नमुना द्यायचा, संध्याकाळी आकडा फोनवर, तो नागपूरला कळवायचा. पहिला महिना आकडा १.४ वर अडून होता. मग कळलं की माय गोळी एक दिवसाआड घेत होती, महाग असेल म्हणून पुरवायला. मी रागावलो नाही, पट्टीवरची किंमत वाचून दाखवली.

जानेवारीत पुन्हा पाहिलं तर गाठ विरघळलेली. १४ तारखेला, संक्रांतीच्या दिवशी, बलून केला. मांडीतून तार, झडपेत फुगा, आणि तोंड १.१ वरून १.८ वर. खर्च योजनेतून झाला, आरोग्यमित्रानं वेलांटीसकट सगळं तपासून घेतलं होतं. छाती उघडावी लागली नाही. फिब्रिलेशन अजून अधूनमधून येतं, डॉक्टर म्हणाले येईलही, त्यामुळे असिट्रॉम चालूच राहील. पुढे झडप पुन्हा आकसू शकते म्हणून वर्षातून एकदा इको. काल रात्री माय दोन उशा काढून एका उशीवर झोपली.

गावची_आशा | २४ जानेवारी, रात्री ९:३०

दादा, एक काम करा. घरातल्या लेकरांचा गळा आला आन् ताप असला तर अंगावर काढू नका, डॉक्टरला दाखवा. पुतणीचे सांधे कधी दुखले काय, तेही पाहून घ्या. आन् केसपेपरवरच्या त्या वाक्याची एक झेरॉक्स मले पाठवा, आमच्या पीएचसीच्या मॅडमले दाखवते. आमच्याकडं अजून एक बाई हाय, तिचेही चार ईसीजी नॉर्मल आले.

पऱ्हाटी | २४ जानेवारी, रात्री ९:५२

पाठवतो ताई, उद्या सकाळीच. त्या बाईला वही घालून द्या आणि नाडी मोजायला शिकवा. फोनवर समजवायचं असेल तर पुतणी समजावून सांगेल, तिला आता ते चांगलं जमतं.